अडलेला काटा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमचं सुपा नगर-पुणे रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं. हे आधी सांगावं लागतं. कारण बारामतीकडेही एक सुपे आहे आणि इतिहासाच्या पुस्तकात भेटतं ते तेच. १८७५ साली सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा जो दंगा उसळला, त्याची सुरुवात त्या सुप्याच्या बाजारात झाली. पुढे तो आमच्या पारनेरपर्यंत आला, पण नाव राहिलं त्यांचंच. आमचं सुपा वर्तमानपत्रात येऊ लागलं ते पवनचक्क्यांमुळे आणि नंतर एमआयडीसीमुळे.

पुण्याहून निघालात आणि शिरूरला घोड नदी ओलांडलीत की रस्ता हळूहळू चढू लागतो. मोटारीत बसलेल्याला चढ कळत नाही, सायकलवाल्याला कळतो. सुप्याला पोचलात की तुम्ही पठारावर आलेले असता. पुढे कामरगावचा घाट उतरला की नगर. आमच्या तालुक्यात तर एका गावाच्या नावातच पठार आहे, कान्हूर पठार. वारा भरपूर, पाणी कमी, जमीन मुरमाड. हे भूगोलाचं वर्णन मी उगाच करत नाही. दोन वर्षांपूर्वी गावातल्या व्यायामशाळेतल्या एका पोरानं मला तोंडावर सांगितलं, ''काका, तुमचा प्लॅटो आलाय.'' मी म्हटलं, ''बाळा, मी जन्मापासून प्लॅटोवरच राहतो.'' त्याला विनोद कळला नाही. त्याच्या शिक्षणात भूगोल मागं राहिला असावा.

झालं होतं असं. २०२२च्या दिवाळीनंतर माझ्या रक्तात साखर निघाली. वजन ८८ किलो. कवी माणूस बसून असतो. कविसंमेलन म्हटलं की पाच तास सतरंजीवर बैठक, मध्ये दोनदा चहा, एकदा भजी आणि संपल्यावर यजमानांकडे जेवण. तीस वर्षं हा क्रम चालला. डॉक्टरांनी दटावलं तेव्हा मी रोज पहाटे ५ किलोमीटर चालू लागलो, चहातली साखर बंद केली, भाकरी कमी केली. जानेवारीअखेर काटा ८०वर आला. ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, ''तब्येत बरी आहे ना?'' आपल्याकडे माणूस बारीक झाला की आधी काळजीच करतात.

आणि मग काटा अडला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ८०, ८०, साडेएकोणऐंशी, पुन्हा ८०. मी काय करावं? जे करत होतो तेच दुप्पट केलं. संध्याकाळची दुसरी फेरी सुरू केली, रात्रीचं जेवण सोडलं. काटा हलला नाही. उलट सगळ्या घरावर चिडचिड होऊ लागली. मार्चच्या उन्हातही हातपाय गार वाटत. रात्री डोळा लागेना आणि लागला तर स्वप्नात शीरखुर्म्याचं पातेलं. त्यातच रमजान आला. डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या वेळा बदलून घेऊन रोजे धरले. मनात होतं, महिनाभरात तीन-चार किलो सहज जातील. पण दिवसभराचा उपवास सुटतो तेव्हा समोर खजूर असतो, सरबत असतं, भजी असतात आणि आग्रह करणारी माणसं असतात. ईदला वजन केलं तर अर्धा किलो वाढलेलं. रोजा वजनासाठी धरतच नाहीत, हे मला माझ्या बायकोनं सांगितलं आणि तिचं बरोबर होतं.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. काही अडलं की जुनं काय आहे ते पाहायचं, ही खोड तेव्हापासूनची. वजनाच्या काट्याला इतिहास असतो हे मात्र तेव्हा माहीत नव्हतं.

दंग्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७६ साली, दख्खनमध्ये दुष्काळ पडला. तो १८७८पर्यंत चालला. नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सगळी कोरडवाहू मुलखाची पट्टी त्यात होरपळली. सरकारनं दुष्काळी कामं काढली, आणि त्या कामांवर किती द्यावं हे ठरवायला कलकत्त्याहून सर रिचर्ड टेम्पल यांना पाठवलं. टेम्पलसाहेबांनी १८७७च्या जानेवारीत हिशेब घातला, की अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, वर किरकोळ नाणं. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. बायकांना त्याहून कमी, पोरांना आणखी कमी. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला, की एवढ्यावर माणूस खडी फोडू शकत नाही. आमच्याकडे तर मजुरांनी कामंच सोडली. उपाशी माणसांनी, कमी मजुरीवर राबण्यापेक्षा नको ते काम, म्हणून चालतं व्हावं, ही गोष्ट साधी नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या सभेनं, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

साडेचारशे ग्रॅम ज्वारीचे उष्मांक मी कागदावर काढले. पंधराशे ते सोळाशेच्या दरम्यान येतात. रात्रीचं जेवण सोडून मी दिवसाला जे खात होतो, त्याचा हिशेबही जवळपास तेवढाच आला. मी हादरलो. माझ्या घरात धान्याचे डबे भरलेले, आणि मी स्वतःला टेम्पलसाहेबांच्या रेशनवर ठेवलं होतं!

आता या गोष्टीला जोडून एक परदेशातली गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खातंपितं कसं करावं, हे त्याला शोधायचं होतं. सदसद्विवेकबुद्धीनं बंदूक धरायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण आपणहून पुढे आले. १९४५ साली सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १५७० उष्मांकांवर ठेवलं आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. टेम्पलचा एक पौंड आणि कीजचे १५७०, आकडा जवळजवळ एकच.

त्या तरुणांचं वजन साधारण चौथ्या हिश्शानं उतरलं. पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. सुरुवातीला वजन झरझर उतरलं, मग उतरण्याचा वेग मंदावत गेला आणि शेवटी शेवटी जवळजवळ थांबला. खाणं तेच, चालणं तेच, काटा मात्र जागचा हलेना. कारण शरीरानं खर्च कमी केला होता. नुसतं पडून असताना शरीर जी ऊर्जा जाळतं, तीच सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. नाडी मंदावली. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजत होती. अंगात पाणी धरत होतं, त्यामुळे चरबी गेली तरी काट्याला कळत नव्हतं. ती मुलं चिडचिडी झाली आणि पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. मी हे वाचलं तेव्हा शीरखुर्म्याचं स्वप्न आठवून एकटाच हसलो. मी ना त्या मुलांइतका उपाशी होतो, ना त्यांच्याइतका शूर. पण शरीराची चाल तीच होती.

यात गूढ काही नाही. ८८ किलोचा देह ५ किलोमीटर न्यायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून ८० किलोचा न्यायला नऊ टक्के कमी लागते. म्हणजे तीच फेरी आता स्वस्तात पडते. वर शरीर आणखी काटकसर करतं. वजन घटवून टिकवलेल्या माणसाचा रोजचा खर्च, त्याच्या घटलेल्या देहाच्या मानानं जेवढा असायला हवा त्याहूनही कमी असतो, हे रुडॉल्फ लायबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली मोजून दाखवलं. घरातलं उत्पन्न घटलं की शहाणी बाई काय करते? सणाचं बाजूला ठेवते, दिवा लवकर मालवते. शरीर तेच करतं. ते काही आपल्याशी वैर करत नसतं. आपण डाएट करतोय की पाऊस पडला नाही, हे त्याला समजायला मार्ग नाही.

आणि आमच्या शरीराला पाऊस न पडण्याची सवय आहे. माझा जन्म १९७३च्या मे महिन्यातला. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात मी अम्मीच्या पोटात होतो, आणि अम्मी खडी फोडत होती. त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. आज ज्या रस्त्यांवरून आम्ही फिरायला जातो, त्यातले किती त्या खडीचे आहेत कोण जाणे. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो भाकरीला चिकटायचा नाही, थापता थापता फाटायचा, असं अम्मी सांगते. पोरांना सुकडी मिळायची. ती पोरं घरी आणून मोठ्यांनाही द्यायची. कामावर दुपारी बायका बाभळीच्या सावलीत बसून एकमेकींच्या फडक्यातलं खात. तिथे जात कोणी विचारली नाही, असं अम्मी म्हणते. मग थोडं थांबून म्हणते, ''पाण्याच्या वेळी विचारायचे.''

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम मला इथं आठवतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी १९९३पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपल्या खेड्यातलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. दिसायला आपलं बाळ हडकुळं. पण मोजलं तर स्नायू कमी, आणि चरबी मात्र त्या मानानं राखलेली. आईच्या पोटात कमी पडलं तेव्हा बाळानं बाकी सगळ्यावर काट मारली, चरबीवर मारली नाही. २००४ साली याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज मित्राचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. तुम्ही-आम्ही काट्यावर उभे राहतो तेव्हा काटा हा फरक सांगत नाही.

हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं होतं. तेव्हा पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात साखरेचा दोष जास्त आढळला. माझी साखर बहात्तरच्या दुष्काळामुळेच, असं मी म्हणणार नाही. त्यात भजीही होती. पण व्यायामशाळेतल्या त्या पोरानं ज्याला प्लॅटो म्हटलं, त्याच्याबद्दलचा माझा राग इथं उतरला. ज्या काटकसरीनं अम्मीला आणि मला त्या मे महिन्यातून पार नेलं, तिलाच मी पन्नास वर्षांनी आळशी म्हणत होतो.

पण राग उतरला म्हणून वजन उतरत नाही. मग दुसरा प्रश्न आला. अडल्यावर पूर्वीची माणसं काय करत?

औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तुम्हाला ठाऊक असतील. औंध साताऱ्याकडचं, पण मुलूख आमच्यासारखाच कोरडा, आटपाडीपर्यंत पसरलेला, बहात्तर गावांचं लहानसं राज्य. भवानराव हे त्यांचं नाव. जन्म १८६८चा. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झालेले. म्हणजे आमच्यात तेवढं एक साम्य आहे. चित्रकार होते, कीर्तन करत, आणि पुढे १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं स्वतःचं राज्य लोकांच्या हाती देणारी घटना त्यांनी आणली. व्यायामाचं वेड तरुणपणापासूनचं. त्या काळी युजेन सँडो या जर्मन पहिलवानाच्या नावाचा जगभर डंका होता. भवानरावांनी १८९७ साली सँडोची पुस्तकं मागवली, साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं अगदी नेमानं तो व्यायाम केला. दहा वर्षं नेमानं! आमच्या गावात जानेवारीत व्यायामशाळेचे पैसे भरणारे मार्चमध्ये दिसत नाहीत.

आणि दहा वर्षांनी त्यांनी तो सोडला. १९०८च्या सुमारास, मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांचं पाहून ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्यांचं दुखणं वजनाचं होतं असं मी म्हणत नाही. पण डंबेल्सनी स्नायू दिले आणि सगळ्या शरीराचं आरोग्य त्यात येत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आता अशा वेळी राजा माणूस काय करू शकला असता? आणखी जड डंबेल्स मागवू शकला असता. पैसा होता. त्यांनी व्यायामाची जातच बदलली. एका जागी उभं राहून दंड फुगवण्याऐवजी डोक्यापासून टाचेपर्यंत सगळा देह वाकवायचा, ताणायचा, श्वासाबरोबर. संख्या वयाप्रमाणे हळूहळू वाढवत न्यायची. आणि त्याच्या जोडीला खाणं, कच्च्या भाज्या, कोंड्यासकट धान्य. १९०९ला गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे केले, १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९३८ साली लंडनमध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीचं पुस्तक संपादून काढलं. त्यातून ही गोष्ट जगभर गेली. नमस्कारानं अमुक रोग जातो, तमुक रोग जातो, हे त्यांचे दावे मला सगळेच पटत नाहीत. सक्तीही पटत नाही. पण सँडो १९२५ साली ५८व्या वर्षी गेला आणि पंतप्रतिनिधी १९५१ साली ८२व्या वर्षी, एवढी नोंद करून ठेवतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही कबूल.

मंत्राचं काय, असं मला काही मित्र खोचून विचारतात. पंतप्रतिनिधींनी सँडोकडून घेताना सँडोचा धर्म विचारला नव्हता. माझे अब्बा गावातल्या तालमीत कुस्ती खेळायचे. तालमीत मारुतीची तसबीर, हौद्यात तांबडी माती, आणि शब्द पाहाल तर सगळे आमच्या घरातले. तालीम हा अरबी शब्द, त्याचा अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे फारसीतला उस्ताद. पहिलवान फारसी, खुराक फारसी, जोर फारसी. त्या मातीत नमस्कार आणि सलाम कधी वेगळे काढले नाहीत. आजही तिथे जुने लोक भेटले की अब्बांची आठवण काढतात, ती त्यांच्या एका डावावरून काढतात.

कसरत या शब्दाची गंमत मला फार उशिरा कळली. अरबीत, उर्दूत कसरत म्हणजे विपुलता, पुष्कळपणा. तेच ते पुष्कळ वेळा करायचं म्हणून आपण व्यायामाला कसरत म्हणू लागलो असणार. मी फेब्रुवारी-मार्चात जे केलं ती या मूळ अर्थाची कसरत होती, तेच ते पुष्कळ. अब्बांच्या वस्तादानं मला तसं करू दिलं नसतं. अब्बा सांगायचे, एखादा पोरगा वाढायचा थांबला, रोज तीच ताकद, तोच दम, की वस्ताद त्याला आठ दिवस कुस्ती बंद करायला लावी. नुसती हौद्यातली माती उकरायची आणि झोपायचं. मग त्याची जोड बदलायची. रोजचा जोडीदार काढून वजनानं भारी नाही तर चपळाईनं भारी असा दुसरा लावायचा. आणि खुराकात काय कमी आहे ते पाहायचं. खुराक वाढवायचा, तोडायचा नाही. उपाशी ठेवून पहिलवान होत नसतो, हे टेम्पलसाहेबांना कळलं नाही ते आमच्या वस्तादाला अंगठा उठवत असूनही कळत होतं.

खाशाबा जाधवांचंच पाहा ना. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला आणि सहावा आला. मातीत वाढलेला पैलवान तिथे मॅटवर उभा होता. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना तिथे शिकवलं. पुढची चार वर्षं खाशाबांनी तयारी केली. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. लंडनला खाशाबा फ्लायवेट गटात, ५२ किलोखाली लढले होते. हेलसिंकीला लढले ते ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरवून त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. सहाव्यावरून तिसरा यायला चार वर्षं लागली आणि काटा त्यात खाली न येता वर गेला, हे माझ्यासारख्या रोज पहाटे काट्यावर चढणाऱ्यानं ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

तर २०२३च्या ईदनंतर मी काय केलं ते सांगतो. आधी आठ दिवस काहीच केलं नाही. रात्रीचं जेवण पुन्हा सुरू केलं. संध्याकाळची फेरी बंद. पहाटेची फेरी ठेवली, पण सपाट रस्त्यानं नाही. आठवड्यातून तीन दिवस पवनचक्क्यांच्या बाजूची चढण. उरलेल्या दिवशी जोर आणि बैठका. पहिल्या दिवशी जोर काढले चार. पाचव्याला हात थरथरले आणि नातू टाळ्या वाजवू लागला. गुडघ्यांसाठी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, तुम्हीही विचारल्याशिवाय करू नका. ताटात भाकरी एकच ठेवली, पण बाजूला हुलग्याचं माडगं, मटकी, रोज दोन अंडी, ताक. आणि कविसंमेलन असो नसो, रात्री दहाला अंथरूण. कवींमध्ये याचा फार गवगवा झाला.

सहा आठवडे काटा जागचा हलला नाही. ८०. पण अब्बांच्या शिलाईच्या मशिनीच्या खणात त्यांची मापाची टेप आहे. अब्बा शिंपीकाम करायचे, दुपारी मशिन आणि संध्याकाळी तालीम. ती टेप काढून कमरेला लावली तर दोन इंच कमी. वजन तेच आणि विजार सैल, हे गणित याज्ञिकांचा तो फोटो पाहिला नसता तर मला सुटलं नसतं. स्नायू वाढत होते, चरबी उतरत होती आणि काटा दोघांची बेरीज सांगत बसला होता. जुलैत तो हलला. दिवाळीपर्यंत ७७. तीन महिन्यांची साखर ८.९ होती ती ६.६वर आली. जोर तोवर पंचवीसपर्यंत गेले होते.

नंतर ७६ आणि ७७च्या मध्ये तो पुन्हा अडला. अजून तिथंच आहे. व्यायामशाळेतलं ते पोरगं म्हणतं, ''काका, दुसरा प्लॅटो.'' मी चढण बदलली आहे, जोर थोडे वाढवलेत, बाकी काही करत नाही. डॉक्टर खूश आहेत.

परवा अम्मीकडे गेलो होतो. तिची नजर आता अधू झाली आहे, पण माणूस हातानं चाचपून पाहते. खांदा चाचपला, दंड चाचपला, गालावरून हात फिरवला. म्हणाली, ''किती वाळलास रे. हे ज्वारीचं आहे, मिलोचं नाही. घे, अजून अर्धी घे.''

मी घेतली.